कोवळे चेहरे, घाईचे उपचार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं पंधरा ते तेवीस वयाच्या मुलामुलींची किंवा त्यांच्या आयांची आहेत. विषय पील (आम्ल लावून वरची त्वचा सोलणं), लेझर, फिलर (त्वचेखाली टोचून भरायचं जेल), ड्रिप हेच. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं काढली आहेत. औषधांची नावं आणि टक्केवारी मुद्दाम दिली आहे. ती वाचून परस्पर फार्मसीत जाऊ नका. क्लिनिकच्या खुर्चीत बसल्यावर समोरचा माणूस काय लावतोय, हे विचारता यावं एवढ्यासाठीच ती आहे.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. कपाळावर बारीक दाणे, गालांवर मुरुम आणि काळे डाग. एका क्लिनिकने गणेश चवथीपर्यंत चेहरा स्वच्छ होईल म्हणून सहा पीलचं पॅकेज सांगितलंय. चवथ दोन महिन्यांवर आली. करून घ्यावं का? पीलमध्ये नेमकं काय करतात?
(एक आई, फोंडा)

पील करायला हरकत नसते, पण सुरुवात तिथून करू नका. नवे मुरुम येतच असताना डागांवर पैसे घालणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. आधी तीन महिने औषध नीट व्हायला हवं. या वयात डॉक्टर साधारण असं देतात : रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाला की अ‍ॅडापलीन 0.1 टक्के जेल, सबंध चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. एकेका मुरुमावर ठिपके द्यायचे नाहीत. आलेल्या मुरुमापेक्षा, आत तयार होत असलेल्या पुढच्या मुरुमावर त्याचं काम चालतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के. ते लावत असताना टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा. रंगीत कापडाचा रंग ते कायमचा उडवतं, युनिफॉर्मची कॉलरही सुटत नाही.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात त्वचा सोलवटते, मुरुम वाढल्यासारखे वाटतात. नेमक्या याच वेळी मुली ट्यूब फेकून देतात आणि दुसऱ्या क्लिनिकमध्ये जातात. खरा फरक आठव्या ते बाराव्या आठवड्यात दिसतो.

कपाळावरच्या दाण्यांसाठी मात्र आधी केसांचं तेल बघा. खोबरेल लावून रात्रभर झोपायची सवय असेल तर ते कपाळावर उतरतं आणि रंध्रं बुजवतं. डोकं धुण्याआधी तासभर लावलं तरी पुरतं. दाणे खाजत असतील, सगळे एकाच आकाराचे असतील आणि पावसाळ्यात छाती-पाठीवरही उठत असतील, तर ते मुरुम नसून केसांच्या मुळातल्या बुरशीचे असू शकतात. आपल्या दमट हवेत हे बरंच दिसतं. त्यावर मुरुमांच्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या तर दाणे कमी होण्याऐवजी वाढतात.

आता पील. मुरुमांच्या तेलकट चेहऱ्याला सॅलिसिलिक आम्ल, 20 ते 30 टक्के, जास्त मानवतं, कारण ते तेलात मिसळून रंध्रात उतरतं. आधी स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोनने चेहरा पुसून तेल काढतात. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे इथे व्हॅसलीन लावतात, नाहीतर द्रव तिथल्या घडीत साचतो आणि भाजतो. मग ब्रशने किंवा गॉझने थर देऊन तीन ते पाच मिनिटं ठेवतात. चुरचुर वाढत जाते आणि मग आपोआप बधिर झाल्यासारखं वाटतं. चेहऱ्यावर पांढरी पूड दिसते, ते सॅलिसिलिकचेच स्फटिक. घाबरायचं कारण नाही, पाण्याने निघून जातात.

ग्लायकॉलिक आम्लाची गोष्ट वेगळी. ते स्वतःहून थांबत नाही. 30-35 टक्क्यांचं असेल तर एक ते तीन मिनिटांत सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने किंवा भरपूर पाण्याने थांबवावं लागतं. थांबवायला उशीर झाला की राखाडी-पांढुरका चट्टा उठतो. तिथे वरची त्वचा भाजलेली असते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ती जागा पुढे कित्येक महिने काळी राहते. म्हणजे डाग घालवायला गेलं आणि मोठा डाग घेऊन आलं. घड्याळाकडे न बघता, फोनवर बोलत कुणी ग्लायकॉलिक लावताना दिसलं तर सरळ उठून यावं.

अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर सॅलिसिलिक नको. ओठावर नागिणीसारखे पाण्याचे फोड असताना, चेहरा उन्हाने रापलेला असताना किंवा कुठे सोललेलं असताना कोणतंच पील नको. अ‍ॅडापलीन पाच ते सात दिवस आधी बंद करायचं. थ्रेडिंग, वॅक्स आणि ब्लीच आठवडाभर आधी नाही, आठवडाभर नंतर नाही. नंतरच्या चार-पाच दिवसांत पापुद्रे सुटतात, ते ओढायचे नाहीत. जिथे ओढला तिथे डाग पडलाच.

दोन पीलमध्ये दोन ते चार आठवडे जायला हवेत. मग दोन महिन्यांत सहा बसतातच कशी, हा हिशेब त्या क्लिनिकलाच विचारा. सोळा वर्षांच्या मुलीसाठी संमतीपत्रावर पालकाची सही लागते. सही करण्याआधी आम्लाचं नाव, टक्केवारी आणि किती मिनिटं ठेवणार हे त्याच कागदावर लिहून घ्या. गालांवर खड्डे पडले असतील तर वरवरच्या पीलने ते भरत नाहीत. त्याचे उपचार वेगळे आहेत, आणि मुरुम काही महिने पूर्ण शांत राहिल्यावरच ते करतात.

प्रश्न : वय 19. मैत्रिणीने सांगितलं म्हणून फार्मसीतून एक गोरेपणाची ट्यूब आणली, आठ महिने लावली. सुरुवातीला चेहरा एकदम चमकला. आता एक दिवस लावली नाही तर चेहरा लाल होतो, आग होते, उन्हात उभं राहवत नाही. बारीक लव वाढलीय. काय करू?
(कॉलेज विद्यार्थिनी, म्हापसा)

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी काही आहे का बघ. ही स्टिरॉइडं आहेत. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर ते तिघांचं मिश्रण. हे औषध वांगासाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांपुरतं द्यायचं असतं. आपल्याकडे ते रोजच्या क्रीमसारखं वापरलं जातं. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवर नाव सांगितलं की ट्यूब हातात पडते.

सुरुवातीची ती चमक कशाची? स्टिरॉइड रक्तवाहिन्या आवळतं, सूज दाबतं आणि रंगद्रव्य कमी करतं. आठवड्याभरात चेहरा उजळ दिसतो. पण त्याच वेळी त्वचा पातळ होत जाते. औषध थांबलं की आवळलेल्या वाहिन्या एकदम सैल होतात, म्हणून लाली आणि आग. मग पुन्हा लावलं की बरं वाटतं. या चक्रातून ट्यूब बदलून सुटका होत नाही, कारण दुसऱ्या ट्यूबमध्येही बहुधा तेच असतं.

आठ महिन्यांनंतर एकदम बंद करायचं की हलक्या स्टिरॉइडवर आणून अंतर वाढवत सोडायचं, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना ट्यूब आणि खोका दोन्ही घेऊन जा, मोबाइलवरचा फोटो धूसर निघतो. टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम आणि काही वेळा डॉक्सिसायक्लिन देतात. तोपर्यंत चेहऱ्याला साबण नको, स्क्रब नको, व्हिटॅमिन सी सीरम नको, हळद-लिंबूही नको. सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चारदा लाव आणि आग झाली की गार पाण्यात भिजवलेला मऊ कपडा दहा मिनिटं ठेव. पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातात, चेहरा पूर्ववत व्हायला महिने लागतात. या काळात फेशियल, पील, लेझर काहीही करू नकोस, कुणी कितीही 'सूदिंग' म्हणालं तरी.

ट्यूबवर घटक किंवा उत्पादकाचा पत्ता नसेल, लायसन्स नंबर नसेल, तर भीती वेगळी आहे, ती पाऱ्याची. भारतात 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहिलेला पारासुद्धा दशलक्ष भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. तरी केरळात अशा गोरेपणाच्या क्रीममुळे किडनी बिघडलेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. लघवीला फेस येत असेल, पावलं किंवा पापण्या सुजत असतील तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी लगेच करून घे.

प्रश्न : मी सतरा वर्षांची. हनुवटीवर जाड केस येतात, गालावर बारीक लव आहे. पार्लरवाली म्हणते सहा सिटिंग 'फुल फेस' लेझर केलं की केस कायमचे गेले. आई म्हणते थांब. कोणाचं ऐकू?
(डिचोली)

निम्मं आईचं. हनुवटीवर जाड, काळे केस येत असतील तर आधी पाळी नियमित आहे का ते बघायचं. पहिली पाळी येऊन तीन वर्षं झाली असतील आणि तरी वर्षात आठहून कमी वेळा येत असेल किंवा दोन पाळ्यांत 35 दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव. रक्तातले हार्मोन तपासतात. सोनोग्राफीची मात्र घाई नको. किशोरवयात सोनोग्राफीच्या आधारे पीसीओएसचं (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते आणि अंडाशयात बारीक गाठी दिसतात, त्या विकाराचं) निदान करू नये, असं 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही तशाच गाठी दिसतात. हार्मोन बिघडलेले असताना नुसतं लेझर केलं तर जुने केस जातात आणि नवे येत राहतात.

गालावरच्या लवेला लेझर अजिबात लावू नकोस. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगाकडे जातो. बारीक, फिकट लवेत तो पुरेसा नसतो, त्यामुळे मूळ जळण्याऐवजी नुसतं ऊबदार होतं आणि तिथे उलट जाड केस उगवतात. जबड्याच्या कडेला आणि गळ्यावर हे जास्त होतं. 'फुल फेस' विकणारी बाई हे सांगणार नाही.

हनुवटीच्या जाड केसांसाठी, तपासण्या झाल्यावर, लेझर चांगलं काम देतं. आपल्या वर्णाला 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग लेझर सर्वांत सुरक्षित, थंड टोकाचं 810 चं डायोड लेझरही जाणत्या हातात चालतं. आयपीएल म्हणजे लेझर नव्हे, तो नुसता दिव्याचा झोत असतो आणि सावळ्या त्वचेवर चौकोनी भाजल्याचे ठसे त्यानेच जास्त पडतात. मशीनचं नाव विचार. सिटिंगच्या आधी चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा बंद, कारण मूळच उपटलं तर लेझरला धरायला काही उरत नाही. आदल्या दिवशी रेझर फिरवायचा. रेझरने केस जाड होतात हा निव्वळ समज आहे. महिनाभर आधी समुद्रावर जाऊन रापून यायचं नाही. पहिल्या दिवशी कानापुढे छोटा ठिपका मारून बघतात, काही दिवस थांबून मगच पूर्ण.

चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ सिटिंग लागतात, कारण एका वेळी वाढीच्या अवस्थेतलेच केस जळतात. त्यानंतर वर्षातून एकदोनदा पुन्हा. 'कायमचे गेले' असं कुठलंही मशीन करत नाही, केस बरेच कमी आणि बारीक होतात. डोळ्यांवर झाकण प्रत्येक वेळी हवंच, आणि भुवई व डोळा यांच्या मधल्या जागेत लेझर नको. हातापायांचं लेझर करताना बधिरीचं मलम सगळ्या पायाला चोपडून वर प्लास्टिक गुंडाळायचं, असंही काही ठिकाणी चालतं. त्यातून औषध रक्तात जाऊन झटके येऊ शकतात, मृत्यूही झाले आहेत.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची. रीलमध्ये बघून रेटिनॉल सीरम हवं म्हणते.
(मडगाव)

देऊ नका. रेटिनॉल सुरकुत्यांसाठी आहे आणि अकराव्या वर्षी तिला एकही नाही. कोवळ्या त्वचेवर ते, त्यावर एएचए (ग्लायकॉलिकसारख्या आम्लांचा) टोनर, त्यावर व्हिटॅमिन सी असं चढवलं की डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती लाल खाजरे चट्टे येतात, आणि मग त्यावर स्टिरॉइड मलम लावायचा मोह घरच्यांनाच होतो. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, कोरडं वाटलं तर मॉइश्चरायझर आणि शाळेत जाताना जेल सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा 50. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर रेघ ओढाल तेवढं. मैदानावर किंवा समुद्रावर असेल तर दर दोन तासांनी. बाटली तिला स्वतःला निवडू द्या, निम्मा हट्ट तिथेच संपतो.

प्रश्न : वय 20, पर्वरी. ओठ भरायचे आहेत. एका ब्युटिशियनकडे सुई नसलेलं पेन आहे, दाबाने फिलर आत जातं, दुखत नाही, स्वस्तही आहे. सुरक्षित आहे का?

नाही. या सुईविरहित पेनांविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्येच इशारा दिला आहे. फिलर किती खोल जातंय हे त्या पेनला ठरवता येत नाही.

ओठात वर-खाली दोन्हीकडे धमनी असते. फिलर तिच्यात शिरलं किंवा बाहेरून तिला दाबलं तर पुढची त्वचा उपाशी राहते. लगेच पांढरा पडणारा भाग, मग जाळीसारखे निळसर-जांभळे ठिपके, सुजेच्या मानाने फार जास्त दुखणं आणि बोटाने दाबून सोडल्यावर लाली परतायला वेळ लागणं, ही लक्षणं. तेव्हा हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम मोठ्या प्रमाणात टोचून फिलर विरघळवावं लागतं, तेही तासांच्या आत. 'उद्या सकाळी बघू' म्हटलं की त्वचा काळी पडून मरते. नाकात किंवा भुवयांच्या मध्ये हेच घडलं तर दृष्टी जाऊ शकते. ज्या खोलीत हायल्युरोनिडेज ठेवलेलं नाही आणि ते टोचू शकणारा डॉक्टर नाही, तिथे फिलर घेऊच नका. ब्युटिशियनकडे दोन्ही नसणार.

वयाबद्दलही बोलायला हवं. अमेरिकेत ओठांच्या फिलरना मान्यता 21-22 वर्षांपुढच्यांसाठीच आहे. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2021 पासून अठरा वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर देणं गुन्हा आहे. तुमचं वय अठराच्या पुढे आहे, पण दोन वर्षांनी ओठ तेवढेच हवेसे वाटतात का हे बघायला काहीच लागत नाही. तरी करायचंच ठरलं तर पात्र त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडे, हायल्युरोनिक आम्लाचंच फिलर, अर्धा मिलिलिटरपासून. सिरिंजचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि बॅच नंबरचा स्टिकर तुमच्या कागदावर चिकटवून घ्या. सूज दोन-तीन दिवस, निळसरपणा आठवडाभर राहतो. तेवढ्यात ओठ ओबडधोबड वाटले म्हणून लगेच आणखी भरायला जाऊ नका.

प्रश्न : दोन वर्षांमागे किनाऱ्यावरच्या दुकानात दंडावर टॅटू काढला. आता सैन्यभरतीला उभं राहायचंय. पुढच्या वर्षी भरती आहे. निघेल का?
(वय 18, पेडणे)

काळ्या शाईचा असेल तर बराचसा निघेल, पण आजच सुरुवात करावी लागेल. सैन्यात साधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच टॅटू चालतो, दंडावर नाही. क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर, 1064 नॅनोमीटर, दर सहा ते आठ आठवड्यांनी. सहा ते दहा सिटिंग सहज लागतात. आठ आठवड्यांच्या अंतराने आठ सिटिंग धरलीस तर वर्षाहून जास्त वेळ गेला. लवकर व्हावं म्हणून अंतर कमी करून घेऊ नकोस, तिथे व्रण उठला तर तोही वैद्यकीय तपासणीत दिसणारच. फोड आला तर फोडायचा नाही. हिरवा-निळा रंग 1064 ला दाद देत नाही, त्याला वेगळी तरंगलांबी लागते. लाल रंगासाठी 532 वापरतात, त्यात सावळ्या त्वचेचा स्वतःचा रंगही जाऊ शकतो. पांढरी किंवा त्वचेच्या रंगाची शाई लेझरने काळी पडते, म्हणून आधी कोपऱ्यात करून बघतात. टॅटू घालवायचं आम्ल ऑनलाइन मिळतं, ते टॅटूच्या जागी जळका चट्टा ठेवून जातं.

तुझ्या मित्रांना सांग : किनाऱ्यावरची 'काळी मेंदी' म्हणजे मेंदीत केसांच्या कलपातलं पीपीडी. आठवड्याभरात त्या नक्षीवर फोड येऊ शकतात, आणि एकदा अ‍ॅलर्जी जडली की पुढे आयुष्यभर पीपीडी असलेला कलप लावता येत नाही.

प्रश्न : भाचीचं लग्न डिसेंबरात. ग्लुटाथायोन ड्रिप सुरू करू का?
(वाळपई)

नको. रंग उजळवण्यासाठी शिरेतून द्यायला भारतात याला मान्यता नाही, आणि दिलेल्यांना जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी आणि किडनीचे त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. ड्रिप थांबली की रंग पूर्ववत होतो. त्याच पैशात आत्तापासून रोज सनस्क्रीन, आणि फेशियल किंवा ब्लीच करायचंच तर लग्नाआधी दहा दिवस, आदल्या आठवड्यात नाही.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलाच्या गालावर ओल्या काजूबिया सोलताना चीक उडाला. आता तिथे काळा डाग आहे. लेझर करावं का?
(साखळी)

काजूच्या टरफलातला चीक भाजतो आणि मागे काळा डाग ठेवतो, पण तो वरच्या थरातला असेल तर सहा महिने ते वर्षभरात फिकट होतो. इतक्यात लेझर किंवा पील केलं तर डाग आणखी गडद व्हायची शक्यता जास्त. सनस्क्रीन रोज, जमल्यास त्वचेच्या रंगाचं, लोह ऑक्साइड असलेलं, कारण साधं सनस्क्रीन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाला अडवत नाही आणि आपल्या त्वचेचे डाग त्यानेही काळवंडतात. तिथे गाठीसारखा जाड, खाजणारा व्रण उठू लागला तर वाट न पाहता दाखवा. त्या अवस्थेत त्यात टोचायचं इंजेक्शन चांगलं काम देतं, वर्षभराने तेवढं नाही.